संरक्षेचे काम हे जोडकाम नव्हे

(म्हैसूर येथे रेल्वे व टपाल खात्यांतील मराठी भाषक कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



बेळगाव, खानापूर, लोंढा, मिरज, सोलापूर, पुणे अशा ठिकठिकाणांहून आपण म्हैसूरला जमलो आहोत. हे शहर आपल्या दोन्ही खात्यांना जवळचे आहे. दक्षिण पश्चिम रेल्वेच्या म्हैसूर विभागाचे कार्यालय इथे आहे, अशोकपुरमला डब्यांच्या मोठ्या दुरुस्तीचा रेल्वे कारखाना आहे आणि टपाल खात्याचे प्रशिक्षण केंद्रही याच शहरात आहे. म्हणून आजचा विषय दोन्ही खात्यांना लागू पडेल असा घेतला आहे. संरक्षेचे काम दुसऱ्या दहा कामांना जोडून एकाच माणसाच्या गळ्यात घालण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याविषयी मला बोलायचे आहे.

आपल्या खात्यांच्या हुकमांत एक छोटासा शब्द असतो. तो म्हणजे 'कम'. स्टेशन मास्तर-कम-बुकिंग क्लार्क. डाक वाटणारा-कम-मेल कॅरिअर. हा शब्द लॅटिनमधून इंग्रजीत आला आणि त्याचा अर्थ 'सह'. पण आपल्या हिंदी भाषक सहकाऱ्याला विचारा, तो सांगेल की 'कम' म्हणजे कमी. दोन्ही अर्थ बरोबर आहेत. कामे एकमेकांसह आली की माणसे कमी होतात. इतर कामांत ही जोडणी झाली तर आपण त्रास काढतो, उशिरापर्यंत थांबतो, भत्त्यासाठी भांडतो. पण ज्याच्या लक्ष देण्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, त्याच्या कामाला हा 'कम' चिकटला तर त्याची किंमत भत्त्यात मोजता येत नाही.

आधी याच म्हैसूर विभागातली गोष्ट सांगतो. बिरूर–चिक्कजाजूर मार्गावर होसदुर्ग रोड नावाचे स्टेशन आहे. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी संध्याकाळी तिथून संपर्क क्रांती एक्सप्रेस निघाली. यंत्रणेत बिघाड असल्यामुळे गाडीला कागदी लाइन क्लिअर दिलेले होते. गाडी निघताना तिचा मार्ग बरोबर होता. त्यानंतर पॉइंट बदलला आणि गाडी समोरून मालगाडी असलेल्या लाइनीकडे वळणार होती. इंजिनावरच्या लोको पायलटची नजर पॉइंटवर होती. त्याने गाडी थांबवली आणि समोरासमोरची टक्कर टळली. दुसऱ्याच दिवशी, ९ फेब्रुवारीला, दक्षिण पश्चिम रेल्वेच्या प्रधान मुख्य परिचालन व्यवस्थापकांनी पत्र लिहून इशारा दिला की, योग्य डिस्कनेक्शन मेमो न देता लोकेशन बॉक्स उघडला जातो, इंटरलॉकिंगला बगल दिली जाते, आणि हा व्यवस्थेतला गंभीर दोष आहे.

सिग्नल खात्यातल्या मित्रांना मेमो म्हणजे काय हे सांगायला नको. टपालातल्या बंधूंसाठी सांगतो. सिग्नलच्या यंत्रणेला हात लावायचा असेल तर मेंटेनरने स्टेशन मास्तरला लेखी कळवायचे, मास्तरने ते लेखी स्वीकारायचे, तेवढ्यापुरती ती यंत्रणा वापरातून काढायची, काम संपले की तपासून पुन्हा जोडायची. कागद साधाच आहे. पण मेमो घेतला की गाड्या थांबतात. गाड्या थांबल्या की नियंत्रण कक्षातून फोन येतो. मग मेंटेनरवर एकाच वेळी दोन कामे पडतात. बिघाड लवकर काढ, हे पहिले. नियम सोडू नकोस, हे दुसरे. पहिल्या कामाला घड्याळ आहे, फोन आहे, विचारणारा साहेब आहे. दुसऱ्या कामाला कोणी विचारणारे नाही. ते केले नाही हे कळते ते अपघात झाल्यावरच. अशी दोन कामे एका माणसाकडे दिली तर कोणते मागे पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

इशाऱ्याच्या त्या पत्राला चार महिनेही झाले नव्हते. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्सप्रेस चुकीच्या मार्गाने लूप लाइनीत शिरून उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे गेली. रेल्वे संरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या बदलांतल्या चुका समोर आल्या. तारा जोडणारे हात होते. जोडलेले बरोबर आहे की नाही हे स्वतंत्रपणे तपासणारी नजर कमी पडली.

हे फक्त आपल्याच देशात होते असे नाही. इंग्लंडमध्ये १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनजवळ क्लॅपहॅम जंक्शनला तीन गाड्यांचा अपघात झाला आणि ३५ माणसे मेली. अँथनी हिडन यांनी चौकशी केली. नवी तार जोडताना जुनी तार पूर्ण सोडवली गेली नव्हती. ती पुन्हा टेकली आणि सिग्नल चुकीचा हिरवा राहिला. ज्या तंत्रज्ञाच्या हातून हे झाले त्याला तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. त्याच्यावर जो सुपरवायझर होता त्याने ते काम तपासले नाही, कारण तो स्वतःच दुसऱ्या कामावर अंगमेहनत करत होता. तारांची स्वतंत्र मोजणी कोणीच केली नाही. आपल्याकडे हे चित्र ओळखीचे वाटते ना? माणसे कमी, म्हणून देखरेख करणाऱ्यानेच हत्यार उचलायचे. त्यात त्याचा कष्टाळूपणा दिसतो, साहेब त्याची पाठही थोपटतात. पण त्या दिवशी देखरेखीचे पद कागदावर भरलेले आणि प्रत्यक्षात रिकामे असते.

रुळांवर काम करणाऱ्या गँगमध्ये लुकआउट मन असतो. हातात झेंडी, तोंडात शिटी, नजर येणाऱ्या गाडीकडे. त्याने दुसरे काही करायचे नसते. पण गँगमध्ये माणसे कमी असली की मुकादम म्हणतो, 'अरे, तू उभाच आहेस, जरा हा पहार धर.' त्या क्षणी लुकआउट मन संपला. पहार धरलेला आणखी एक ट्रॅकमन तयार झाला, आणि गाडी येते आहे हे बघणारे कोणी उरले नाही. मुकादमाला दोष देऊन भागत नाही. त्याला ठरलेल्या वेळेत ठरलेले काम उरकायचे असते आणि माणसे मिळालेली नसतात.

शेतकऱ्याच्या घरातून आलेल्यांना हे लगेच पटेल. ज्वारी भरात आली की राखणीला माणूस माळ्यावर बसवतात. तो दिवसभर गोफण घेऊन बसतो. लांबून पाहणाऱ्याला वाटते, हा फुकट बसला आहे. त्याला खाली उतरवून खुरपणीला लावा, मग संध्याकाळी कणसे बघा. राखणदाराचे बसणे हेच त्याचे काम असते.

रेल्वेच्या कायद्यालाही हे ठाऊक आहे. कामाच्या तासांचा प्रश्न न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्यापुढे गेला आणि १९४७ साली त्यांचा निवाडा आला. आधी, १९४६ च्या टपाल-तार कामगारांच्या तंट्यातही लवाद म्हणून तेच होते. त्यामुळे आपल्या दोन्ही खात्यांच्या इतिहासात हे मराठी नाव आहे. रेल्वेतली कामाची वर्गवारी पुढे रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये आली. इंटेन्सिव्ह कामाला आठवड्याला सरासरी ४५ तास, कंटिन्युअसला ५४ तास आणि एसेन्शियली इंटरमिटंट, म्हणजे आपण ज्याला ई.आय. म्हणतो, त्याला ७५ तासांपर्यंत.

आता ई.आय. कोणाला म्हणायचे? बारा तासांच्या पाळीत निम्मा किंवा त्याहून जास्त वेळ असा हवा की, त्या वेळात कामगार ड्यूटीवर असला तरी त्याला अंगमेहनतही करावी लागत नाही आणि सतत लक्षही द्यावे लागत नाही. कायद्यातल्या या 'सतत लक्ष' शब्दांखाली रेघ ओढा. नुसते हात मोकळे असणे पुरेसे नाही, लक्षही मोकळे असले पाहिजे. फाटकावरचा गेटमन खुर्चीवर बसलेला दिसतो. पण फोन कधी वाजेल, गाडी कधी येईल, फाटकाखालून कोण मोटारसायकल घालेल, याकडे त्याचे चित्त लागलेले असते. याला निवांतपणा म्हणायचे का, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न त्याहून सरळ आहे. ज्या मोकळ्या वेळेच्या आधारावर प्रशासनाने ७५ तासांचा रोस्टर लावला, त्याच मोकळ्या वेळेत प्रशासन आणखी काम भरत असेल, तर तो वेळ मोकळा राहिला कुठे? लहान स्टेशनातल्या मास्तराकडे बघा. तोच लाइन क्लिअर देतो, तोच पॅनेल चालवतो, तोच तिकिटे फाडतो, तोच लाउडस्पीकरवर बोलतो, तोच रजिस्टरे भरतो, आणि गाडीला उशीर झाला की प्रवाशांची बोलणीही तोच खातो. तिकिटाच्या खिडकीवर रांग लागली असताना ब्लॉकची घंटा वाजते. सुट्या पैशांचा हिशेब आणि गाडीचा हिशेब एका डोक्यात चालतो. एकच वेळ दोनदा विकण्याचा हा प्रकार आहे. रोस्टर ठरवताना 'विश्रांती' म्हणून एकदा, आणि काम वाढवताना 'रिकामा वेळ' म्हणून दुसऱ्यांदा. किराणा दुकानदाराने असे केले तर आपण त्याला काय म्हणतो?

इथे प्रशासनाची बाजूही ऐकली पाहिजे. अधिकारी म्हणतात, 'संरक्षा ही प्रत्येकाची जबाबदारी आहे, तिच्यासाठी वेगळा माणूस कशाला?' आणि दुसरे म्हणणे असे की, 'त्या माणसाला दिवसभर पुरेल इतके काम नसते, सरकारचा पैसा वाया जातो.'

पहिले म्हणणे अर्धे खरे आहे. प्रत्येकाने सांभाळून काम केलेच पाहिजे. पण प्रत्येकाची जबाबदारी असलेल्या गोष्टीला एक नेमका मालक नसेल, तर ती कोणाचीच राहत नाही. गावच्या विहिरीचे पाणी सगळे भरतात, कठडा ढासळला तर तो बांधायचा कोणी?

दुसऱ्या म्हणण्याला भोपाळ उत्तर देते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. तो कारखाना तोट्यात होता आणि माणसे कमी करणे चालू होते. एम.आय.सी. विभागातल्या पाळीवरची माणसे बारावरून सहावर आली होती. रात्रपाळीच्या देखभाल सुपरवायझरचे पद काही दिवसांपूर्वीच रद्द झाले होते. पाइप धुण्यापूर्वी त्यात पाणी अडवणारी लोखंडी चकती बसवली आहे ना, हे बघणे त्या पदाचे काम होते. त्या रात्री पाइप धुतले गेले, चकती बसवली गेली नव्हती. पाणी टाकीत कसे शिरले याविषयी कंपनीने पुढे वेगळी बाजू मांडली. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. पद रद्द करणाऱ्याने पगार वाचवला, आणि त्या पदाला चिकटलेले छोटे कर्तव्य कोणाकडे गेले हे कोणी पाहिले नाही. त्याच रात्री भोपाळ स्टेशनावर उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर आणि त्यांचे सहकारी ड्यूटी सोडून गेले नाहीत. वायू पसरत असताना प्रवाशांनी भरलेली एक्सप्रेस थांबवून न ठेवता त्यांनी पुढे काढली. दुसऱ्याने वाचवलेल्या पगाराची किंमत रेल्वे कामगारांनी फुप्फुसांनी मोजली. 'त्या माणसाला काम काय असते' असे विचारणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. त्याला काम नाही असे दिसते, याचाच अर्थ ते काम नीट चालले आहे.

याचा दुसरा पैलू म्हणजे तपासणारा कोणाच्या हाताखाली असावा. याबाबतीत आपल्या देशाचा इतिहास उजळ आहे, आणि तो आपल्या दोन्ही खात्यांना जोडणारा आहे. १९३७ साली पाटण्याजवळ बिहटा येथे मोठा रेल्वे अपघात झाला, शंभराहून अधिक माणसे गेली. पुढे पॅसिफिक इंजिनांच्या चौकशीसाठी समिती बसली, आणि तपासणीचे खाते रेल्वे बोर्डापासून वेगळे करण्याचा विचार बळावला. १९४० साली मध्यवर्ती कायदेमंडळाने तो मान्य केला. मे १९४१ मध्ये रेल्वे निरीक्षकांना रेल्वे बोर्डाच्या ताब्यातून काढून कोणाकडे दिले असेल? टपाल आणि हवाई वाहतूक खात्याकडे! रेल्वेची तपासणी करणारे टपालाच्या छत्राखाली आले, कारण जो गाड्या चालवतो त्यानेच 'गाडी नीट चालली' असे प्रमाणपत्र देऊ नये. आज हेच रेल्वे संरक्षा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. म्हणजे तत्त्व ८० वर्षांहून जुने आहे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. तिनेही हेच सांगितले की नियम करणे, गाड्या चालवणे आणि नियम पाळले की नाही हे बघणे या तिन्ही गोष्टी रेल्वे बोर्डाकडेच आहेत. त्यासाठी स्वतंत्र, कायद्याने स्थापलेले संरक्षा प्राधिकरण हवे.

वर हे तत्त्व मानायचे आणि खाली स्टेशनात, डेपोत, वर्कशॉपमध्ये मात्र एकाच्याच खिशात सगळ्या किल्ल्या ठेवायच्या, हे कसे चालेल?

कारखान्यांच्या कायद्यात याचे उत्तर दिलेले होते. १९७६ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात कलम ४०-ब आले. हजार किंवा अधिक कामगार असलेल्या किंवा धोक्याच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमायला लावण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळाला. महाराष्ट्राने १९८२ साली सुरक्षा अधिकाऱ्यांचे नियम केले. त्यात स्पष्ट म्हटले की, त्याच्या कर्तव्यांशी विसंगत किंवा त्यांना बाधक असे दुसरे काम त्याला सांगू नये, करू देऊ नये. 'करू देऊ नये' हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्याने हौसेने घेतले तरी चालणार नाही. प्रत्यक्षात काय दिसते? सुरक्षेच्या माणसाकडेच आगीच्या सिलिंडरांची यादी, प्रदूषणाचे कागद, आय.एस.ओ.ची फाइल, कँटीन समिती, हिंदी पंधरवडा आणि साहेबांच्या पाहणीच्या आधीची रंगरंगोटी. वर्षातून एक आठवडा सुरक्षा सप्ताह, त्यात घोषणांची स्पर्धा आणि बक्षीस समारंभ. त्याचीही व्यवस्था त्याच्याकडेच! शॉपमध्ये क्रेनचा दोर बघायला तो जाणार कधी?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता २०२० हिच्या कलम २२ प्रमाणे ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात, आणि धोक्याच्या प्रक्रियेच्या कारखान्यात २५० कामगार असले तरी, सुरक्षा अधिकारी नेमायचा आहे. आकडा खाली आला, हे आपण चांगलेच म्हणू. पण नेमणूक झाली एवढ्याने भागत नाही. 'दुसरे काम सांगू नये' हे जुने बंधन नव्या नियमांतही तितक्याच स्पष्ट शब्दांत राहिले पाहिजे. संहितांविषयी आपल्या संघटनांचे इतर आक्षेप आहेत, ते वेगळे मांडले जातीलच. पण हे एक वाक्य हातातून निसटू देऊ नका. ते गेले तर सुरक्षा अधिकारी ही एक पाटी उरेल.

टपालातल्या बंधू-भगिनींनो, तुमची अडचण आणखी निराळी आहे. ही संहिता केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना लागू नाही. कचेरीत ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगारांपुरती ती लागू होते. म्हणजे काउंटरवर बसणाऱ्या तुमच्यासाठी सुरक्षा अधिकारी नाही आणि तो मागायला हे कलमही नाही. पण सुरक्षितता म्हणजे कामे वेगळी ठेवणे, हे तत्त्व तुमच्या खात्याला पूर्वीपासून माहीत आहे. जिथे खजिनदार असतो तिथे तिजोरीची एक किल्ली त्याच्याकडे आणि एक पोस्टमास्तराकडे असते. खात्याचा माणसावर विश्वास नाही, असा त्याचा अर्थ नाही. एका माणसावर सगळा भार पडू नये, म्हणून ते आहे. आता एकट्याने चालवायच्या उपडाकघराकडे बघा. तोच मास्तर, तोच खजिनदार, तोच बचत बँक, तोच स्पीड पोस्ट, तोच आधारची कामे करणारा. १ सप्टेंबर २०१८ पासून पोस्ट पेमेंट्स बँक आली, तिचाही भार त्याच्यावरच. शाखा डाकघरातला ग्रामीण डाक सेवक रोकड घेऊन एकटा रस्त्याने जातो. पैशाला दोन किल्ल्या लागतात हे खात्याला कळते, पण माणसाला सोबत लागते हे कळत नाही.

छताचा पंखा हलतो आहे, मेन स्विचजवळ ठिणगी उडते, आर.एम.एस.मध्ये थैल्यांचे वजन ठरल्यापेक्षा जास्त येते, हे लिहून घेणारा आणि त्याचा पाठपुरावा करणारा नेमका कोण? बहुतेक ठिकाणी उत्तर येते, 'मास्तर बघतील.' आणि मास्तराच्या टेबलावर त्या दिवशीचे खाती उघडण्याचे टार्गेट पडलेले असते.

टपाल कचेरीत असा धोका काय असणार, असे वाटत असेल तर अमेरिकेतले एक उदाहरण घ्या. ऑक्टोबर २००१ मध्ये तिथे पत्रांतून अँथ्रॅक्सची पूड पाठवली गेली. वॉशिंग्टनमध्ये एका सिनेटरच्या कार्यालयात १५ तारखेला तसे पत्र उघडले गेले. तिथल्या कर्मचाऱ्यांची लगेच तपासणी आणि औषधोपचार सुरू झाला. पण ज्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातून ते पत्र गेले, ते २१ तारखेपर्यंत चालूच राहिले. बंद पाकिटातून पूड बाहेर पडत नाही, असे तेव्हा मानले गेले. तिथले दोन टपाल कामगार मृत्युमुखी पडले. टपाल चालू ठेवायची जबाबदारी आणि टपाल थांबवायचा निर्णय एकाच टेबलावर असला, की टपाल चालूच राहते.

पैशाचेही माणसासारखेच आहे. रेल्वेत २०१७-१८ साली एक लाख कोटी रुपयांचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष काढण्यात आला. डिसेंबर २०२२ मध्ये महालेखापरीक्षकांचा गाडी घसरण्याच्या अपघातांवरील अहवाल संसदेत आला. या कोषातून पाय चोळण्याची यंत्रे, क्रोकरी, फर्निचर अशा गोष्टींवरही खर्च झाल्याचे त्यात नोंदवले आहे. संरक्षेच्या नावाने ठेवलेला पैसा आणि संरक्षेच्या नावाने नेमलेला माणूस, दोघांची गत सारखीच. कुठेही कमी पडले की आधी हात तिकडे जातो.

आता आपण काय करायचे? नुसता ठराव करून घरी जायचे नाही. मी पाच कामे सुचवतो.

एक. आपापल्या युनिटमध्ये संरक्षेशी संबंधित प्रत्येक पदाची यादी करा: मेंटेनर, गेटमन, लुकआउट मन, कीमन, सुरक्षा अधिकारी, कचेरीतला आगीच्या साधनांचा जबाबदार माणूस. त्या प्रत्येकाकडे प्रत्यक्षात कोणकोणती कामे आहेत ती एका कागदावर लिहा. हुकमातली वेगळी, तोंडी सांगितलेली वेगळी. पहिल्यांदा ही यादी वाचाल तेव्हा आपल्यालाच धक्का बसेल.

दोन. तोंडी जादा काम आले तर लेखी मागा. भांडण नको, उर्मटपणा नको. 'साहेब, रजिस्टरमध्ये लिहून द्या, करतो' एवढेच म्हणा. बरीच कामे लिहिण्याच्या आधीच परत जातात. मेमोशिवाय बॉक्स उघडायला सांगणारा फोन असेल तर त्याची वेळ डायरीत टिपून ठेवा. आणि जो मेंटेनर मेमोसाठी अडून बसेल, जो मास्तर गाडी थांबवेल, त्याच्या पाठीशी संघटनेने त्याच दिवशी उभे राहावे, चार्जशीट आल्यावर नव्हे.

तीन. ई.आय. रोस्टरवर असलेल्याला नवे काम दिले असेल तर नव्याने जॉब ऍनालिसिस मागा. २००५ च्या कामाच्या तासांच्या नियमांत त्याची तरतूद आहे. वर्गवारी पटली नाही तर केंद्राच्या प्रादेशिक श्रम आयुक्तांकडे दाद मागता येते. ऍनालिसिसच्या दिवसांत नेहमीप्रमाणेच काम करा, आणि तिकीट विक्रीपासून फोनपर्यंत प्रत्येक काम वेळेसह नोंदले जाईल हे पाहा. 'सतत लक्ष' हे शब्द अर्जात घालायला विसरू नका.

चार. हा विषय रेल्वेत पी.एन.एम.च्या आणि टपालात जे.सी.एम.च्या बैठकीत स्वतंत्र मुद्दा म्हणून घ्या. रिक्त जागांच्या मागणीत तो बुडवू नका. एखादे पद रद्द करण्याचा प्रस्ताव आला की एकच प्रश्न विचारा: या पदाकडे असलेले प्रत्येक कर्तव्य उद्यापासून कोण करणार, आणि त्यासाठी त्याचे कोणते काम कमी केले? याचे लेखी उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाच. आपल्या संघटनेतही हेच तत्त्व पाळा. संरक्षा समितीवर जो प्रतिनिधी पाठवाल, त्यालाच शाखेचा खजिनदार, सोसायटीचा संचालक आणि गणेशोत्सवाचा कार्यवाह करू नका. त्याला एकच काम द्या, त्याला वाचायला वेळ द्या, आणि दर महिन्याला त्याचा अहवाल सर्वांनी ऐका. प्रशासनाने जे करावे असे आपण म्हणतो ते आपल्या घरात दिसले, तरच आपल्या मागणीला वजन येईल.

मित्रांनो, या मागणीत पगारवाढ नाही, भत्ता नाही, म्हणून तिच्यासाठी टाळ्या कमी पडतील. होसदुर्ग रोडला त्या संध्याकाळी गाडी वेळेत थांबली म्हणून तिथे मरणाऱ्यांची यादी लागली नाही. त्या गाडीतल्या प्रवाशांना आपण वाचलो हे त्या क्षणी कळलेही नसेल. ज्याच्या यशाची बातमी होत नाही असे हे काम आहे. म्हणूनच त्याची मोजदाद साहेबांच्या तक्त्यात होत नाही, आणि म्हणूनच ती आपल्याला करावी लागेल. जो नजर ठेवतो त्याला नजर ठेवू द्या, त्याच्या हातात पहार देऊ नका. उद्या आपापल्या युनिटला परतल्यावर पहिला कागद त्या यादीचा काढा. बाकीची लढाई त्या कागदावरून सुरू होईल.